दुसरी रेघ

भिंतीवर दोन रेघा होत्या, एक निळी आणि एक लाल. कँटीनच्या खिडक्यांवर पडदे ओढलेले, खुर्च्या सगळ्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या, आणि कारखान्याचा साहेब हातातली छडी निळ्या रेघेवरून अशी फिरवत होता, जशी एखादी गाय कुरवाळावी. निळी रेघ डावीकडे उंचावर सुरू होत होती आणि जिना उतरल्यासारखी खाली खाली येत उजवीकडे जवळजवळ जमिनीला टेकली होती. लाल रेघेचं उलट. ती डावीकडे बराच वेळ तळाशी सरपटत होती, मग मध्येच कुठेतरी तिने डोकं वर काढलं होतं आणि निळीला छेदून ती वर निघून गेली होती. छेद गेला होता तिथे साहेबाने छडी टेकवली आणि काहीतरी बोलला. सगळे हसले, मग टाळ्या पडल्या. फिटरनेही दोन-चार टाळ्या वाजवल्या. परमुलखात चार माणसं करतात तसं करावं एवढाच त्यात विचार. मग त्याने शेजारच्या दुभाषी मुलीकडे मान वळवली.

"कसल्या रेघा आहेत या?"

"बेकारीच्या. तीसेक वर्षांच्या. शंभरातल्या किती माणसांना काम नाही, ते. निळी आमची. बघा ना, कशी उतरत आलीय!"

"आणि ती लाल?"

मुलगी घुटमळली. "तुमची," ती म्हणाली, आणि लगेच घाईने, "म्हणजे, तुमच्या देशाची."

"आणि ते हसले कशाला?"

"काही नाही हो. साहेब म्हणाले, इथे आपण शेजाऱ्याला हात केला आणि पुढे निघालो."

फिटरचे तळहात अजून एकमेकांजवळ होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. त्याने ते मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर बसून राहिला. तळपायापासून काहीतरी तापत वर येत होतं. ते कुणावर काढावं ते मात्र समजत नव्हतं. त्या लाल रेघेचं शेवटचं टोक, नखाएवढा तो वर गेलेला तुकडा, त्याच्याकडे तो टक लावून बघत होता. तिथे आपला कारखाना आहे, त्याला वाटलं. कँटीनमधली भांडी घासणारी आहे, गेटवरचा बुटका वॉचमन आहे, पॅकिंगमधल्या सगळ्या बायका आहेत. धाकटा भाऊ आहे. रेघेची जाडी ती केवढी, आणि त्यात माणसं कशी दाटीवाटीने कोंबली आहेत. आणि आपण? आपण कुठे आहोत? आपण तर इथे खुर्चीवर बसलोय, निळ्या बाजूला, टाळ्या वाजवत.

बरण्यांची पत्र्याची झाकणं कापणारे प्रेस उभे करून द्यायला त्याला इथे पाठवलं होतं. प्रेस त्याचेच. म्हणजे कंपनीचे, पण त्याने इतकी वर्षं त्यांच्या पोटात हात घातले होते की तो 'माझे' म्हणायचा आणि कुणाला त्यात चूक वाटायची नाही. तिकडचा कारखाना बंद झाला तेव्हा बाकीच्यांना निरोपाची एकेक फुलाची कुंडी मिळाली. हो, कुंडी, तीही प्लास्टिकची! फिटरला मात्र आत बोलावून सांगितलं होतं की मशिनं नदीपलीकडे जाताहेत, ती लावून द्यायची, तिथल्या माणसांना शिकवायचं, तोवर तू कामावर आहेस. तो हो म्हणाला. धाकट्याने आणि त्याने मिळून ते प्रेस जमिनीतून उपटले, एकेक बोल्ट ढिला करून, तेल पुसून, लाकडी खोक्यांत भरून. शेवटचं खोकं ट्रकवर चढल्यावर धाकटा एवढंच म्हणाला, "दादा, तिरडी बांधायला मी आलो. तेराव्याला मात्र तू एकटाच जा."

"तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगताहेत," मुलगी कानाशी कुजबुजली. "आज तुमचा शेवटचा दिवस ना."

तो उठला. प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या अंगावर पडला तशी लाल रेघ त्याच्या सदऱ्यावर आली, खांद्यावरून गळ्यापर्यंत. समोरचे चेहरे अंधारात होते. भले चेहरे असणार. कुणीतरी नवीन कामाचे नवीन बूट घातले होते, त्यांचा रबरी वास येत होता. "मशिनं चांगली आहेत," तो म्हणाला. "नीट वापरा." मुलीने त्याचं भाषांतर सुरू केलं आणि बराच वेळ ती बोलतच राहिली. मध्ये लोक हसले, मध्ये एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला.

"एवढं काय सांगितलंस?"

"थोडं वाढवलं," ती ओशाळून म्हणाली. "नुसतं एवढंच बरं नसतं दिसलं."

मशिनांच्या हॉलमध्ये परतल्यावर तो प्रेसच्या रांगेतून शेवटचा फिरला. नवा हिरवा रंग दिला होता सगळ्यांना. फिटरला तो रंग पहिल्या दिवसापासून खुपत होता. पहिल्या नंबरच्या प्रेसपाशी काडी उभा होता. काडी हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पहिल्या दिवशी दुभाषी मुलगी ओळख करून देत असताना हा पांढऱ्या भुवयांचा, कमरेत किंचित वाकलेला माणूस पुढे आला होता आणि फिटरच्याच भाषेत मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, "मी काडी. तू कोण?" फिटरच्या डोक्यात तिडीक गेली होती. ओळख ना पाळख, आणि तू! तीन-चार दिवस तो त्याच्याशी तुटक वागला. मग हळूहळू उलगडा झाला. काडी तरुणपणी नदी ओलांडून कामाला आला होता. कामाला कुठे, तर फिटरच्याच कारखान्यात, मागच्या अंगणात, भंगार पत्रा उचलायला. भाषा शिकला ती तिथेच, मुकादमाच्या तोंडून. त्याला 'तुम्ही' माहीतच नव्हतं. कारण त्याला कुणी कधी 'तुम्ही' म्हटलंच नव्हतं. अंगकाठीवरून कुणीतरी ठेवलेलं टोपणनाव तो आजवर मानाने मिरवत होता आणि त्याचा अर्थ सांगायचं धाडस फिटरला झालं नव्हतं.

त्या वेळी लाल रेघ तळाशी होती. भिंतीवर बघितली तेव्हा ती नुसती रेघ होती, पण आता प्रेसच्या धडधडीत उभं राहून फिटरला ते दिवस दिसायला लागले. पलीकडची माणसं बसमधून यायची. पहाटे गेटसमोर उभी असायची, हातात पिशव्या, तोंडावर तेच ते ओशाळलेलं हसू. फिटरचे वडील तेव्हा युनियनमध्ये होते. घरी जेवताना म्हणायचे, "यांच्याकडे दुष्काळ पडला म्हणून आपल्या ताटात हात?" वडील तसे मऊ माणूस, मुंगी दिसली तर पाय बाजूला टाकणारे. पण त्या गेटवर ते दुसरेच कुणी व्हायचे. आणि फिटर, नुकताच कामावर लागलेला, अंगात रग असलेला, वडिलांच्या शेजारी उभा राहून ओरडला होता. काय ओरडला होता ते शब्द आता त्याला आठवायचे नव्हते, पण ते आपोआप येत होते, तालासकट. एकदा बसच्या काचेवर त्याने थाप मारली होती आणि आतला माणूस दचकून मागे सरला होता. तो काडी होता का? असेल. नसेलही. तशी सगळीच माणसं सारखी दिसायची. ओरडणाऱ्याला माणसं सारखीच दिसतात.

आणि आता काय, उलटं ओरडायचं? तेही जमत नव्हतं. इथे कुणीच त्याच्यावर थाप मारली नव्हती. रोज कुणीतरी स्वतःच्या डब्यातलं पुढे करायचं. खोलीतला हीटर बिघडला तर काडीने स्वतःचं ब्लँकेट आणून दिलं होतं. यांच्यावर रागावणार तरी कसं, या विचारानेच त्याला जास्त राग येत होता. राग असा आत कोंडला की तो कुजतो, त्याला वास यायला लागतो. फिटरला तो वास स्वतःच्या अंगाला येत असल्यासारखं वाटायचं.

काडीने लाल बटण दाबलं, प्रेस थांबला. अडकलेला पत्र्याचा तुकडा त्याने बोटांनी अलगद ओढून काढला आणि फिटरकडे बघून डोळा मारला, बघ कसं शिकलो म्हणून. फिटरची नजर त्या बोटांवरून वरच्या ठोकळ्यावर गेली.

कारण या प्रेसला उचकी होती. तिकडे सगळे तिला उचकीच म्हणायचे. बटण दाबून मशीन थांबलं, की कधी कधी, सगळं शांत झाल्यावर, वरचा ठोकळा आपला आपण एकदा खाली यायचा. नेहमी नाही. दिवसच्या दिवस यायचा नाही आणि मग एखाद्या दुपारी यायचा. क्लचमधली झीज होती. उघडून दुरुस्त करायचं तर दोन दिवस प्रेस बंद ठेवायला लागला असता, आणि ते दोन दिवस कंपनीला कधीच सापडले नाहीत. म्हणून तिकडे नवीन माणूस आला की पहिली गोष्ट सांगायची ती हीच. थांबल्यावर लगेच हात घालायचा नाही, मशीनला उचकी येऊन जाऊ दे. धाकटा नवीन होता तेव्हा फिटर रजेवर होता. सांगायचं राहिलं. डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली.

इथे आल्यावर पहिल्या दिवशी सांगायचं तो विसरला, हे अगदी खरं. तेव्हा अजून विजेच्या तारासुद्धा जोडायच्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात आठवलं, पण मुलगी आजारी होती, उचकी खुणांनी आणि काडीच्या तुटक भाषेत कशी सांगणार. मग मुलगी परत आली. मग एकदा तो सांगायला तोंड उघडून बसला आणि भलतंच काहीतरी बोलला, तेलाबद्दल. त्या दिवशी त्याला प्रथम कळलं की आपण विसरलेलो नाही. आपण सांगत नाही आहोत. हे दोन्ही बाहेरून अगदी सारखंच दिसतं, आणि आतूनसुद्धा बराच काळ सारखं दिसू शकतं. काल फोनवर धाकट्याने विचारलं होतं, "उचकीचं सांगितलंस का त्यांना?" "सांगतो," फिटर म्हणाला होता. मग धाकटा म्हणाला, "नको सांगूस. काम घेतलं ना आमचं? मग सगळंच घ्या म्हणावं." आणि हसला. ते हसणं ऐकून फिटरने फोन कानापासून दूर धरला होता. दुसऱ्या कुणी ते वाक्य म्हटलं असतं तर त्याने शिव्या घातल्या असत्या. पण ज्याची बोटं गेली त्याला काय बोलणार?

स्टेशन जवळच होतं. मुकादमाची परवानगी काढून काडी त्याची बॅग घेऊन पोचवायला निघाला. देतच नव्हता बॅग, ओढाताण झाली दोघांची रस्त्यात. शेवटी फिटर रिकाम्या हाताने त्याच्यामागून चालू लागला. दोन्ही बाजूंना नवीन दुकानं लागली होती, एका खिडकीत कुणीतरी शिडीवर चढून पाटी रंगवत होतं. तिकडे आपल्या गल्लीत पाट्या उतरताहेत. आज ना उद्या इथली बायकापोरंही या दुकानांतून हिंडतील, आणि मग पाच-सात वर्षांनी तिसऱ्याच कुठल्यातरी देशात खोकी उघडली जातील, तिथे नवीन रंग देतील, तिथल्या भिंतीवर पुन्हा दोन रेघा. निळी कुणाची? आमची. आणि ती दुसरी?

"तू बघितला?" काडी पुढून म्हणाला. "भिंत? निळा?"

"बघितलं."

"मी तिकडे वर." त्याने मोकळा हात डोक्याच्या वर नेला. "खूप वर्ष वर. घर गेला. बायको गेली, तिच्या आईकडे. मी दिवसभर काय? खिडकीत बस. लोक बोलतो, आळशी." त्याने हात सावकाश गुडघ्यापर्यंत खाली आणला आणि हसला. "आता मी खाली. चांगला. आता तू वर."

त्यात खोच नव्हती. हवा कशी आहे हे सांगावं तसं त्याने सांगितलं. पण फिटरचा बांध फुटला. तो रस्त्यातच थांबला आणि ओरडायला लागला. काडीवर, साहेबावर, आपल्या कारखान्याच्या त्या कुंड्यांवर, दुभाषी मुलीच्या गोड जिभेवर, धाकट्याच्या हसण्यावर. शिवी सुचेल तशी. शिडीवरचा माणूस ब्रश हातात धरून बघत राहिला. काडी मात्र मान खाली घालून उभा होता, बॅग छातीशी धरून, खांदे आत ओढून. त्याला सगळं कळत होतं. फिटरच्या भाषेतले त्याला नेमके हेच तर शब्द येत होते. त्याचं ते उभं राहणं फिटरने पाहिलं, आणि शब्द तोंडातल्या तोंडात थिजले. इतकं सवयीचं उभं राहणं होतं ते. त्याने काडीचं मनगट धरलं आणि त्याला फरफटत कारखान्याकडे परत न्यायला सुरुवात केली. "काय? काय?" काडी विचारत होता. फिटरजवळ त्याला सांगण्याजोगा शब्द नव्हता.

पहिल्या प्रेसवर काडीच्या जागी एक जाड वेणीची बाई काम करत होती. फिटरने लाल बटण दाबलं, तिचा दंड धरून तिला मागे ओढलं, तिच्या हातातला मोजा हिसकून घेतला आणि डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर टाकला. सगळे थांबून बघायला लागले. काही झालं नाही. त्याने मशीन चालू केलं, पुन्हा थांबवलं, पुन्हा मोजा टाकला. काही नाही. कुणीतरी हसलं. बाई काहीतरी बोलली, बहुधा मोज्याबद्दल. फिटरच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात प्रथमच तो त्या मशीनला विनवत होता, ये गं बाई, एकदा ये. त्याने पुन्हा बटण दाबलं. धडधड थांबली. चाक फिरून फिरून मंद झालं, थांबलं. एक श्वास गेला. आणि ठोकळा वरून खाली आला, एकदाच, अजिबात घाई न करता, आणि परत वर गेला. मोज्याची चार बोटं डायच्या आत राहिली. बाकीचा मोजा बाहेर.

काडी पुढे वाकून तो मोजा बघत होता. मग त्याने स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला, पालथा केला, उलटा केला.

"तू माहीत?" त्याने विचारलं.

"हो."

"पहिला दिवस माहीत?"

"हो."

"रोज हा हात इथे. रोज. तू बघतो. तू माझा ब्लँकेट घेतो, आणि तू बघतो!"

काडीने मारलं असतं तर फिटरला बरं वाटलं असतं. काडीने त्याची बॅग उचलली, ज्या बॅगेसाठी तो मघाशी रस्त्यात भांडला होता, आणि सगळ्या ताकदीनिशी हॉलच्या दुसऱ्या टोकाला भिरकावली. ती खांबावर आपटून उघडली. सदरे, दाढीचं सामान, लेकीसाठी घेतलेली फुलांची ओढणी, सगळं तेलकट फरशीवर पसरलं. ते उचलायला कुणी गेलं नाही.

साहेब आला तो जवळजवळ पळतच, मागून दुभाषी मुलगी.

"विचारताहेत, मशीन कुणी बंद केलं?"

"मी."

"म्हणताहेत, चालू करा. माल आज जायचाय." तिने साहेबाचं पुढचं वाक्य ऐकलं आणि तिचा आवाज उतरला. "म्हणताहेत, तुमच्याकडे अशीच चालत होती ना ही? आम्हाला विकताना कंपनीने सांगितलं होतं, माणसं सरावतात म्हणून."

म्हणजे याला माहीत होतं. फिटरने साहेबाच्या तोंडाकडे पाहिलं. इतके दिवस आपण जे गुपित म्हणून पोटाशी धरून बसलो, जाळत बसलो स्वतःला, ते याच्या टेबलावर आधीच होतं. आपला सूड म्हणजे याची सोयच होती की. त्याला हसू आलं, घाणेरडं, कालच्या धाकट्याच्या हसण्यासारखं.

"हो, अशीच चालत होती," तो म्हणाला. "सांग त्यांना. माझ्या भावाची दोन बोटं तिने खाल्ली आणि ती अशीच चालत राहिली. बोटं कापडाने पुसून काढली आणि संध्याकाळपर्यंत झाकणं कापली. आणि यांना कुणाची बोटं हवीत ते विचार. नाव सांगा म्हणावं."

मुलीने सांगितलं. या वेळी तिने काही वाढवलं नाही. जाड वेणीच्या बाईने काडीला काहीतरी विचारलं, काडीने उत्तर दिलं, आणि एकेक करत रांगेतले बाकीचे प्रेस थांबत गेले. शेवटचा थांबला तेव्हा हॉल एवढा शांत झाला की बाहेर गाडीची शिटी ऐकू आली. फिटरची गाडी. साहेब बोलत होता, आवाज चढवून, बोटं नाचवून. फिटरने त्याच्याकडे पाठ केली, मुख्य स्विचचा दांडा खाली ओढून वीज तोडली, शेजारच्या पेटीतले पाने काढले आणि प्रेसच्या बाजूचं झाकण उघडायला बसला. त्याला कुणी परवानगी दिली नव्हती. अर्ध्या तासात क्लचचे तुकडे फरशीवर असतील, मग दोन दिवस ही कुणाच्या बापाला चालू करता येणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. थोड्या वेळाने काडी शेजारी येऊन बसला. त्याच्याकडे बघितलं नाही. बॅटरीचा दिवा तेवढा धरला, तोंड दुसरीकडे करून. त्याने माफ केलेलं नव्हतं आणि फिटरने ते मागितलंही नव्हतं.

आतला नट काही केल्या हलेना. फिटरने पाना बदलला, दोन्ही पाय रोवून जोर लावला, हाताची सालं निघाली. खिशातला फोन वाजला. धाकटा.

"बसलास का गाडीत?"

"नाही. पहिल्या प्रेसचा क्लच उघडलाय."

"का?" मग स्वतःच, "सांगितलंस तर." आवाज कडवट होता, दगड चावल्यासारखा. "त्यांच्यासाठी उघडलास. माझ्यासाठी नाही उघडला कुणी."

"नाही उघडला," फिटर म्हणाला. "मीही नाही."

पलीकडे दार आपटल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा. फिटरला वाटलं, फोन तसाच टाकून गेला. तो कानाशी धरून बसून राहिला. काडीचा दिवा हालत नव्हता. लांब साहेब अजून बोलतच होता.

"आतला नट अडला असेल," धाकटा म्हणाला. "त्याचे आटे उलटे आहेत, खोक्यात भरताना मी बघितलेत. घड्याळाच्या दिशेने फिरव. मूर्खासारखा जोर लावत बसू नकोस." आणि त्याने फोन ठेवला.

फिटरने पाना उलटा बसवला. नट कुरकुरला, आणि फिरला.